फुकटचा अँटीव्हायरस पुरतो, पण तो चालू आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात घरी एक असेंबल केलेला डेस्कटॉप आहे: चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर मुलीचं कॉलेजचं काम, घरचं बँकिंग आणि टॉवेलच्या दोन कारखानदारांचं टॅली आणि जीएसटीचं काम चालतं. दुकानदार म्हणतो, वर्षाला हजार-बाराशेचा अँटीव्हायरस टाका. तो परवडत नसेल तर निदान फुकटचे दोन-तीन टाकून ठेवा. पैसे न घालवता भागेल का?

भागेल. विकतचा घेऊ नका आणि फुकटचे दोन-तीनही टाकू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच असतो. माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या स्वतंत्र प्रयोगशाळांच्या चाचण्यांत तो गेली काही वर्षं विकतच्यांच्या रांगेत बसतो. त्याची एक कमजोरी मात्र ठाऊक असावी. डिफेंडरची बरीचशी अक्कल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे इंटरनेट बंद असताना त्याची पकड ढिली होते. नेट फक्त कामापुरतं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडायचं आणि पेन ड्राइव्ह मात्र दिवसभर लावत राहायचे, अशी सवय असेल तर ती बदला: आधी नेट जोडा, मग पेन ड्राइव्ह लावा.

दोन-तीन अँटीव्हायरस का नकोत? फाइल उघडताक्षणी तपासणारा पहारेकरी एका वेळी एकच हवा. दोघे एकच फाइल धरून बसले की ४ जीबीच्या मशीनवर माऊससुद्धा अडखळतो, आणि कधी कधी दोघे एकमेकांच्याच फाइल्स संशयित म्हणून अडकवतात. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, ही त्याची रीतच आहे. खरा घोटाळा पुढे होतो. त्या दुसऱ्याची चाचणी-मुदत संपते, तो नूतनीकरणाची पाटी दाखवत नुसता बसून राहतो, आणि डिफेंडर परत येतोच असं नाही. लॅपटॉपबरोबर आलेल्या वर्षभराच्या मोफत अँटीव्हायरसचं घरोघरी हेच झालेलं दिसतं. मुदत संपलेला अँटीव्हायरस सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून काढा, मग त्याच कंपनीच्या साइटवरून तिचं रिमूव्हल टूल घेऊन उरलेसुरले अवशेष पुसा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि डिफेंडर जागा झाला का ते बघा. रिमूव्हल टूलची पायरी गाळली तर अवशेषांमुळे विंडोजला अजूनही तोच रखवालदार आहे असं वाटत राहतं.

अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही तीन वेगळी नावं दिसली तरी आता तिन्ही जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, नॉर्टनही तिचाच. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा तपशील जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकला होता. ती उपकंपनी २०२० मध्ये बंद झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याबद्दल १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. हे आता जुनं झालं असं म्हणता येईल, पण फुकटच्या मालाची किंमत कुठून वसूल होते ते त्यातून कळतं. तुमच्या बाबतीत दुसरीही अडचण आहे. या कंपन्यांच्या फुकट आवृत्त्या फक्त वैयक्तिक, बिनव्यावसायिक वापरासाठी असतात. कॉम्प्युटर घरात असला तरी दुसऱ्याचं टॅली पैसे घेऊन लिहिणं हा व्यवसायच. डिफेंडर विंडोजच्या परवान्यातच येत असल्यामुळे त्याला हा प्रश्न येत नाही.

मालवेअरबाइट्स मात्र हाताशी असू द्या. १४ दिवसांची चाचणी संपली की फुकट आवृत्ती फक्त आपण सांगू तेव्हा तपासते, सतत पहारा देत नाही. दुसरं मत घ्यायला तेवढं पुरेसं आहे. त्यांचंच ॲडक्लीनर ब्राउझरमध्ये घुसलेल्या टूलबार आणि जाहिरातवाल्यांना चांगलं काढतं. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनरही फुकट आहे, फक्त तो डाउनलोड केल्यापासून १० दिवसांत निकामी होतो. दर वेळी नवा उतरवायचा. आपल्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या) सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर पुण्याच्या क्विक हीलसह इतर कंपन्यांची बॉट (मशीन दूरवरून राबवणारे प्रोग्रॅम) काढायची मोफत टूल्स आहेत आणि पेन ड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवणारं सी-डॅकचं यूएसबी प्रतिरोधही आहे. जुन्या याद्यांत क्लॅमविनचं नाव हमखास दिसतं; त्यात सततचा पहारा नाही, म्हणून मुख्य अँटीव्हायरस म्हणून त्याचा उपयोग नाही.

आता मशीनसमोर बसा. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधून उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनवर जा, त्यात मॅनेज सेटिंग्ज. रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन, ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन आणि टॅम्पर प्रोटेक्शन हे चारही चालू हवेत. टॅम्पर प्रोटेक्शन चालू असेल तर दुसरा प्रोग्रॅम परस्पर डिफेंडर बंद करू शकत नाही. मागच्या पानावर शेवटचं अपडेट कधी झालं ते दिसतं. तारीख आजची किंवा कालची हवी. डिफेंडरच्या व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, दिवसातून अनेकदा बदलतात. तिथे महिन्यापूर्वीची तारीख असेल तर बहुतेक वेळा कोणीतरी डेटा वाचवायला विंडोज अपडेट बंद केलेलं असतं किंवा हॉटस्पॉटला मीटर्ड कनेक्शनची, म्हणजे डेटा जपून वापरायची, खूण लावलेली असते.

मॅनेज सेटिंग्जच्याच पानावर तळाशी एक्सक्लूजन्स आहे. असेंबल केलेल्या मशीनमध्ये सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही. या यादीतल्या फोल्डरकडे डिफेंडर ढुंकूनही बघत नाही. घरच्या मशीनवर ती रिकामी असायला हवी. पण विंडोज किंवा ऑफिस चोरून ॲक्टिव्हेट करणारं टूल टाकताना आधी इथे सूट द्यावी लागते, आणि घाईत कुणी अख्खा सी ड्राइव्हच सूट देऊन ठेवतो. वरचे चारही दिवे हिरवे, आणि खाली सगळं घर उघडं! यादीत काही दिसलं तर काढून टाका. काढल्यावर डिफेंडर एखादी फाइल पकडू लागला तर ती परत सोडू नका. विंडोजचा रीतसर परवाना घ्या.

कधी तिथे लाल अक्षरांत दिसतं की हे सेटिंग तुमचा ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतो. कंपनीच्या लॅपटॉपवर हे ठीक आहे. घरच्या डेस्कटॉपवर त्याचा अर्थ जुन्या अँटीव्हायरसचे अवशेष राहिलेत किंवा एखाद्या टूलने धोरण बदललंय. आधी अवशेष काढा, मग स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडर ऑफलाइन स्कॅन लावा. उघडी कामं सेव्ह करून ठेवा, कारण मशीन लगेच रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासणी चालते. साधारण १५ मिनिटं, जुन्या डिस्कवर जास्त. तेवढ्यानेही ओळ गेली नाही तर उपचारात वेळ घालवू नका. डेटा काढून घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवा आणि कोरी मांडणी करा.

सगळं खरंच काम करतंय का हे बघायला आयकार या संस्थेची चाचणी-फाइल आहे. अवघी ६८ अक्षरं, काहीही इजा न करणारी, फक्त सगळ्या अँटीव्हायरसनी तिला व्हायरस मानायचं असं ठरलेलं. त्या संस्थेच्या साइटवरून ती उतरवायचा प्रयत्न करा. उतरून निवांत डेस्कटॉपवर पडून राहिली तर तुमचा पहारेकरी झोपलाय.

याखेरीज दोन कळी बदलायच्या. ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनच्या आत नको असलेली ॲप अडवण्याची सोय आहे. तिच्या दोन्ही चौकटींत खूण करा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरच्या पाठीवर बसून येणारी पिलावळ इथेच अडते. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात; दुसरी कळ रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधल्या कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसची. ती मुळात बंद असते. चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहिता येत नाही. टॅलीचा डेटा मात्र बहुधा या फोल्डरांबाहेर असतो. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो; तो फोल्डर प्रोटेक्टेड फोल्डर्समध्ये स्वतः जोडा आणि लगोलग टॅलीचा प्रोग्रॅम परवानगीच्या यादीत घाला. दुसरी पायरी विसरलात तर व्हाउचर सेव्ह होताना अडकू शकतं, आणि माणसं टॅली बिघडलं म्हणून पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअरं आणि स्कॅनरबरोबर आलेले प्रोग्रॅमही इथे अडतात. अडलं की ब्लॉक हिस्टरीत नाव सापडतं; तिथून परवानगी द्या, पण नाव ओळखीचं असेल तरच.

रोजच्या वापराचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं ठेवू नका. अकाउंट्समध्ये एक वेगळं पासवर्डवालं ॲडमिन खातं करा आणि मुलीचं आणि तुमचं खातं स्टँडर्ड करून टाका. काही टाकायचं झालं की पासवर्ड विचारला जाईल, आणि त्या अर्ध्या मिनिटात माणूस विचार करतो.

विंडोज १० चं काय, हे प्रश्नात विचारलेलं नाही, पण अँटीव्हायरसपेक्षा ते मोठं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. डिफेंडरच्या व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार, पण विंडोजमधली भोकं बुजवणारी अपडेट वेगळी असतात. घरगुती मशीनना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. भोक बुजवलेलं नसलं की काय होतं ते मे २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने दाखवलं. त्याचं औषध मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी अपडेट केलं नाही ते सापडले.

चौथ्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आडवाटेने टाकता येतं, पण ज्यावर दुसऱ्याचे हिशेब आहेत त्या मशीनवर अशी कसरत मला पसंत नाही. सवलतीची मुदत हे नवं मशीन घ्यायचं वेळापत्रक समजा. जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर मुलीच्या अभ्यासाला अजून काही वर्षं सहज चालेल. टॅलीसाठी मात्र विंडोजच लागेल.

अँटीव्हायरस जिथे हात टेकतो त्या जागा वेगळ्याच आहेत. उजव्या कोपऱ्यात सतत येणारी, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले किंवा तुमचा अँटीव्हायरस संपला अशी पाटी, हा बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कुठल्या तरी साइटवर क्रिकेट बघताना किंवा रिझल्ट शोधताना ‘अलाउ’ दाबलेलं असतं आणि ती साइट ब्राउझरमार्फत सूचना पाठवत असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि अनोळखी साइट काढून टाका. दुरुस्तीवाल्याकडे फॉरमॅट मारायला नेलेल्या कित्येक मशीनचं दुखणं एवढंच असतं. फायरफॉक्सवर युब्लॉक ओरिजिन टाकलं, क्रोमवर त्याचीच लाइट आवृत्ती, तर अशा साइटींच्या फसव्या जाहिरातीही दिसत नाहीत.

दुसरी जागा नवी आहे. मी रोबो नाही हे सिद्ध करा म्हणत एखादं पान सांगतं: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने आपल्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते आणि ती आपण स्वतःच्या हाताने चालवतो. कुठलीही खरी साइट असं करायला सांगत नाही. मुलीला हे आजच दाखवून ठेवा.

तिसरी म्हणजे एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखी दूरवरून कॉम्प्युटर चालवायची सॉफ्टवेअरं. ती कायदेशीर आहेत, म्हणून अँटीव्हायरस गप्प राहतो. महावितरणच्या नावाने, आज रात्री वीज तोडणार असा मेसेज येतो. फोन केला की समोरचा असंच काहीतरी टाकायला सांगतो. फोन मराठीत, हिंदीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, कशातही येऊ शकतो. बिलाची थकबाकी बघायची तर महावितरणच्या ॲपवर स्वतः बघा. ज्यांच्याशी ओळखीने टॅलीची दुरुस्ती करून घेता त्यांनी टाकलेलं एनीडेस्कही काम झालं की काढून टाका. जीएसटीचा डीएससी (डिजिटल सहीचा) टोकन वापर संपला की उपसून ड्रॉवरमध्ये.

पेन ड्राइव्हबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कॉलेज, कोर्ट, कचेरी यांच्या आसपासच्या झेरॉक्स सेंटरांत एकाच मशीनला दिवसभर शंभर जणांचे पेन ड्राइव्ह लागतात. परत घरी आल्यावर पेन ड्राइव्ह उघडला की आत फाइल्सऐवजी पेन ड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट दिसतो, डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असलेला. त्यावर डबल-क्लिक केलं की फोल्डर उघडतो, म्हणून शंका येत नाही. पण त्याच क्लिकने मागे एक स्क्रिप्टही चालते आणि घरच्या मशीनला लागण होते. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हवरचा प्रोग्रॅम नुसता लावल्याने सुरू होत नाही, म्हणून हा तुमच्याकडून क्लिक मागतो. शॉर्टकटला हात लावू नका. फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइल्स दाखवा आणि सिस्टिम फाइल्स लपवण्याची खूण काढा. बिननावाचा किंवा फिकट दिसणारा फोल्डर उघडा. तुमच्या फाइल्स त्यात असतात. फक्त आपल्या ओळखीच्या पीडीएफ, वर्ड, एक्सेल फाइल्स बाहेर घ्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. त्याच ऑप्शन्समध्ये फाइलनावाचं शेपूट दाखवायची सोय चालू करा, म्हणजे पीडीएफचं चित्र लावून आलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची, फाइल ओळखू येते. प्रिंटसाठी एक छोटा वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त पीडीएफ. टॅलीचा बॅकअप असलेला पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात कधीही न्यायचा नाही.

एखाद्या फाइलबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटल या साइटवर चढवून बघा. सत्तरच्या आसपास अँटीव्हायरसची मतं एका पानावर मिळतात. मात्र तिथे चढवलेली फाइल इतर कंपन्यांनाही उपलब्ध होते. आधार, बँक स्टेटमेंट, गिऱ्हाइकाचा ताळेबंद तिथे टाकू नका. एक-दोन अनोळखी इंजिनांनी लाल दाखवलं तर बऱ्याचदा ती चुकीची शंका असते. नावाजलेल्या पाच-सहांनी दाखवलं तर फाइल काढून टाका.

डिफेंडरमुळे मशीन मंद होतं ही तक्रार खरी आहे, पण दोष बहुधा डिस्कचा असतो. टास्क मॅनेजरमध्ये अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल आणि डिस्क १०० टक्के दिसली की लोक डिफेंडर बंद करायच्या क्लृप्त्या शोधतात. हजार-बाराशे वाचले आहेत ते छोट्या एसएसडीच्या (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कच्या) डब्यात टाका. या वयाच्या मशीनवर दुसऱ्या कशाने एवढा फरक पडणार नाही. फुल स्कॅन महिन्यातून एकदा पुरे, रोज क्विक स्कॅन होतोच. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तो दुपारी लावू नका. तासन्‌तास प्रोसेसर तापलेला राहतो, खोली आधीच चाळिशीला टेकलेली असते, आणि पूर्व भागात कारखान्याशेजारी घर असेल तर पंख्यात कापसाचं तूस बसलेलं असतं. मशीन मधेच बंद पडतं आणि संशय व्हायरसवर जातो. आधी पंखा साफ करा, स्कॅन रात्री लावा.

अजून एक फसवं लक्षण: अपडेट होत नाही, प्रत्येक साइट असुरक्षित म्हणून अडवते. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केल्यावर घड्याळ मागे जातं आणि साइटींची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात. सेल बदलला की ‘व्हायरस’ गेला.

बॅकअपशिवाय हे सगळं अर्धवट. फुकटात मिळणाऱ्या क्रॅकमधून (विकतचं सॉफ्टवेअर चोरून चालवणाऱ्या टूलमधून) पसरलेल्या स्टॉप-जव्हू या रॅन्समवेअरने घरगुती मशीनचं फार नुकसान केलं. त्याचं मोफत डिक्रिप्टर (फाइल्स सोडवणारं टूल) एम्सिसॉफ्ट या कंपनीने २०१९ मध्ये काढलं, पण नंतरच्या प्रकारांत त्याने थोड्याच फाइल्स सुटतात. म्हणून टॅलीत ऑल्ट-वाय दाबून रोज बॅकअप घ्या, आठवड्यातून एकदा तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा, आणि मुख्य म्हणजे ती डिस्क लगेच काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्कही रॅन्समवेअर कुलूपबंद करतं. दुसरी प्रत गूगल ड्राइव्हच्या फुकट १५ जीबीत बसेल. दोन महिन्यांतून एकदा बॅकअप वेगळ्या फोल्डरात रिस्टोअर करून कंपनी उघडते का ते बघा. न उघडणारे बॅकअप मार्चअखेरीलाच सापडतात.

आणि लागण झालीच तर पहिलं काम नेट तोडायचं: वायर उपसा किंवा वायफाय बंद करा. मशीन फॉरमॅट करायची घाई नको. फाइल्स कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणीच्या चिठ्ठीची आणि एक-दोन फाइल्सची प्रत ठेवा. दुसऱ्या मशीनवरून नो मोअर रॅन्सम या साइटवर त्या टाकल्या की सोडवायचं टूल आहे का ते कळतं. मेलचा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून बदला, लागण झालेल्या मशीनवरून नाही. मेलच्या सेटिंग्जमध्ये बाकी सगळ्या ठिकाणांहून साइन आउट करा, कारण चोरलेल्या लॉगिनला नवा पासवर्ड नेहमीच अडवत नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, त्याच वेळी बँकेला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. जितका लवकर फोन, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.